बाहेरकाठा

पेणच्या बाजारपेठेत तीन पिढ्या धान्याची पेढी चालवणाऱ्या एका श्रावक कुटुंबापुढे आषाढाच्या सुरुवातीस जमिनीचा एक व्यवहार आला. धरमतर खाडीच्या काठची बारा एकर खार जमीन. मालक तीन, तिघेही विकण्यास राजी. आणि भाव असा, की महामार्गालगतच्या एका एकराच्या पैशात येथे चार एकर पदरात पडावेत. घरातील कर्त्या मुलाने आणि त्याच्या दोन भागीदारांनी तेथे गोदाम उभारण्याचे योजले होते. 12 जानेवारी 2024 रोजी अटल सेतूचे उद्घाटन झाल्यापासून पेण मुंबईच्या अंगणात आल्यासारखे झाले आहे; रेवस आणि करंजा यांना जोडणारा खाडीपूल पुरा झाला की माल आणखी लवकर इकडून तिकडे जाईल; मुंबईतील गोदामाचे भाडे तर परवडेनासेच झाले आहे. हिशेबात कोठे चूक नव्हती. इसाराची रक्कमही दिली गेली होती. पंचाहत्तरीला आलेल्या थोरल्या शेठना सांगायचे तेवढे राहिले होते. ते एका संध्याकाळी, दिवस मावळण्यापूर्वीचे जेवण आटोपल्यावर सांगण्यात आले.

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “जागा कोणी पाहिली?”

मुलाने मोबाईलवर उपग्रहाचे चित्र दाखवले. करड्या रंगाचा एक तुकडा, त्याच्या एका अंगाला हिरवी किनार आणि पलीकडे खाडीचे गढूळ पाणी. “काहीच नाही तिथं, पप्पा. बांध फुटलेला आहे. सात-आठ वर्षांत भात पिकलेलं नाही. मुरमाचा भराव टाकला की जागा तयार.”

त्यानंतर आलेल्या चतुर्दशीला शेठ नेहमीप्रमाणे पाक्षिक प्रतिक्रमणासाठी उपाश्रयात गेले. पन्नास-पंचावन्न वर्षे त्यांचा हा नियम. सूत्रे मुखोद्गत, इतकी की ओठ चालू असताना मन पेढीवरच्या वजनकाट्याशी जाऊन येई, हे ते स्वतःच हसून कबूल करीत. त्या संध्याकाळी श्रावकाने वर्ज्य करावयाच्या पंधरा कर्मादानांची नावे आली, आणि चौदाव्या नावाशी त्यांचे ओठ थांबले. सरोह्रदतडागशोषण. सरोवर, डोह, तळे यांचे पाणी आटवून जमीन मोकळी करण्याचा धंदा.

वाचकांच्या घरी ही पंधरा नावे अनेकांना पाठ असतील. उपासकदशांग सूत्रात ती आहेत आणि हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात त्यांचे विवरण केले आहे. व्यापार वाईट, असे त्यांत कोठेही म्हटलेले नाही. ज्या व्यापाराचा नफाच असंख्य जीवांच्या नाशावर उभा राहतो तो श्रावकाने करू नये, एवढाच त्यांचा आशय. हस्तिदंताचा व्यापार, विषाचा व्यापार, वन तोडून विकण्याचा व्यापार यांपासून आपली घरे पिढ्यान्‌पिढ्या दूर राहिली, आणि त्याचा सार्थ अभिमानही आपण बाळगतो. चौदावे नाव मात्र कोणालाच अडचणीचे वाटले नाही. आजच्या काळात तळी आटवण्याचा धंदा करतो कोण? त्या नावाचा पत्ता एखाद्या सात-बाराच्या उताऱ्यावर सापडेल, असे सहसा मनात येत नाही.

शेठनी दुसऱ्या दिवशी मुलाला सांगितले, की जमीन पाहून येतो, मगच बोलू.

खारात त्यांना नेले ते तीन मालकांपैकी सर्वांत वडीलधाऱ्या शेतकऱ्याने. या शेतकऱ्याच्या वडिलांचे भात शेठच्या वडिलांनी घेतलेले; दोन घरांचा संबंध जुना. दोघेही छत्री टेकीत बाहेरकाठ्यावर चढले. खाडीच्या अंगाचा जो मोठा मातीचा बांध, त्याला या भागात बाहेरकाठा म्हणतात. त्याच्या एका हाताला भरती-ओहोटीची दुनिया आणि दुसऱ्या हाताला भाताची खाचरे, अशी त्याची वाट. ठरावीक अंतरावर उघाड्या असतात. उघाडी म्हणजे बांधातून पाणी जाण्याचे दार. भरती आली की खाडीच्या पाण्याच्या दाबाने ते मिटते, ओहोटी लागली की आतल्या पावसाच्या पाण्याच्या दाबाने उघडते. माणसाने तेथे उभे राहण्याची गरज नसते. दार नीट बसलेले असावे आणि त्यात काटक्या अडकू नयेत, एवढी राखण पुरे.

ओहोटीची वेळ होती. बांधाच्या बाहेर तिवरांची रांग उभी होती आणि त्यांच्या बुंध्यांभोवती चिखलातून शिसपेन्सिलीएवढ्या मुळ्या हजारोंनी वर आलेल्या होत्या. त्या चिखलात हवा नाही, म्हणून ही झाडे मुळ्या वर काढून श्वास घेतात. शेतकऱ्याने एका पानाच्या पाठीवरून बोट फिरवून दाखवले. बोटाला मिठाचा बारीक कण लागला. अंगात आलेले मीठ हे झाड पानांवाटे बाहेर टाकते. पलीकडच्या कांदळाच्या फांद्यांना शेंगांसारखे लांबट कोंब लटकत होते. या झाडाचे बी जमिनीवर पडून रुजत नाही; ते आईच्या अंगावरच रुजते, वीतभर वाढते आणि मगच चिखलात उतरते. शेठ धान्याचे व्यापारी. बी कसे रुजते हे त्यांना सांगावे लागत नाही. तरी या कोंबापाशी ते बराच वेळ थांबले.

चिखल हलत होता. निरखून पाहिल्यावर कळले, की तो जिवंत आहे. निवट्या शेपटीवर उसळत एका डबक्यातून दुसऱ्या डबक्यात जात होत्या. बोटाच्या पेराएवढे खेकडे, एक नांगी लहान आणि एक अंगाच्या मानाने अवाढव्य, ती वर-खाली करीत बिळांच्या तोंडाशी उभे होते. शंख-शिंपल्यांच्या वाटांच्या रेघा सर्वत्र उमटलेल्या. बगळे तर होतेच, आणि शेपूट सतत हलवणारी एक लहान तुतारी पाण्याच्या कडेने चालत होती. द्वींद्रियांपासून पंचेंद्रियांपर्यंतची जी उतरंड शेठनी लहानपणी पाठशाळेत घोकली होती, ती एका चटईएवढ्या जागेत समोर पसरलेली होती.

“आणि आतली जमीन?” त्यांनी विचारले.

आतली जमीन म्हणजे तीच बारा एकर. सात-आठ वर्षांपूर्वी एका उधाणाला बांधाला खांड पडली. खांड लहान असते तेव्हा गावाने चार दिवस खपून बुजवली तर भागते. ती राहिली, रुंदावली, आणि खारे पाणी आत येऊ-जाऊ लागले. खाचरांत आता गुडघ्याएवढी तिवरे उगवलेली होती. उपग्रहाच्या चित्रात जो भाग करडा दिसत होता तेथे प्रत्यक्षात पाणी होते, आणि त्या पाण्यात बाहेरच्याइतकीच वर्दळ होती.

“पयले येक खांड गेली का सगला गाव धावं, शेट,” शेतकरी म्हणाला. “आता धावाला कोन हाय?”

या एका वाक्यामागे मोठा इतिहास आहे. पेण-अलिबागची खार जमीन निसर्गाने दिलेली नाही. ती माणसांनी खाडीकडून मागून घेतली. 1883 च्या कुलाबा जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्ये शिलोत्री नावाच्या जमीनधारणेचे वर्णन आहे. बांध घालून खाजणातून काढलेली ती शिलोत्री जमीन, आणि तिच्या बांधाच्या राखणीसाठी कसणाऱ्यांकडून धान्याच्या रूपाने वाटा घेतला जाई. त्या जमिनीत फक्त पावसाळ्यात पीक निघते. पहिल्या पावसाने मीठ धुऊन जाते, मग मोड आलेले बी चिखलात फेकून पेरायचे. काळा राता, भुरा राता ही मिठाला न डरणारी भाते येथलीच. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने पुढे जे पनवेल 1, 2 आणि 3 हे वाण काढले ते अशाच जमिनींसाठी. स्वातंत्र्यानंतर 1948 चा खारभूमी कायदा आला, 1979 मध्ये खारभूमी विकास कायदा झाला, आणि बाहेरकाठ्याचा भार सरकारकडे गेला. आतले बांध शेतकऱ्यांकडे राहिले. ही सोय चांगल्या हेतूने झाली. परंतु रात्री-बेरात्री कुदळ-घमेले घेऊन उधाणावर धावण्याची गावाची सवय तिच्याबरोबर मोडत गेली, हेही खरे.

घरी परतल्यावर शेठनी माळ्यावरचे जुने चोपडे खाली काढवले. आजोबांच्या काळातल्या रोजमेळीत एक खाते दरवर्षी दिसते: खारबांध. चैत्र-वैशाखात, बांधाच्या डागडुजीच्या दिवसांत, त्या खात्यावर रकमा नावे पडलेल्या आहेत आणि मार्गशीर्षात भात आल्यावर जमा. त्या काळी धरमतर हे पेणचे दार होते. मुंबईची आगबोट तेथे लागे, भात आणि मीठ मचव्यांतून जाई, आणि पेढीचा सारा उद्योग या बांधांच्या आड पिकणाऱ्या दाण्यावर उभा होता. म्हणून पेढी बांधासाठी पैसा पुरवी. तो काही दानधर्म नव्हता आणि त्याचे सोने करून सांगण्याचेही कारण नाही. खाडीच्या पलीकडे चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली 1933 ते 1939 अशी सहा वर्षे जमीन कसण्यास नकार दिला, तो खोतांच्या आणि सावकारांच्या जाचाला कंटाळूनच. व्यापारी पेढ्यांचे व्याजही त्या जाचापासून फार दूर नव्हते. तरीही त्या चोपड्यातून एक गोष्ट लख्ख दिसते. बांध फुटला तर पेढी बुडेल, हे पेणच्या व्यापाऱ्याला तेव्हा ठाऊक होते.

आज ते ठाऊक असण्याचे कारण उरलेले नाही, कारण पेढीवरचा तांदूळ आता कोठून कोठून येतो. पाणी मात्र जुन्याच वाटेने येते. पेण गाव भोगावती नदीच्या काठी, डोंगर आणि खाडी यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत वसलेले. मुसळधार पाऊस आणि उधाणाची भरती एकाच वेळी आली की नदीला खाडीत उतरता येत नाही, उघाड्या मिटलेल्या असतात, आणि डोंगरावरून आलेले सारे पाणी काही तास खाराच्या खाचरांत पसरून थांबते. ओहोटी लागली की निघून जाते. ही खाचरे भरावाने चार-पाच फूट उंच झाली, तर ते पाणी थांबायला जागा शोधेल. आणि उतरती जागा म्हणजे मागची शेते, मागची घरे, मागची दुकाने. 1989 च्या जुलैत याच धरमतर खाडीला येऊन मिळणाऱ्या अंबा नदीने जांभूळपाडा आणि नागोठणे येथे काय केले, हे ज्यांनी पाहिले ते अजून विसरलेले नाहीत. 26 जुलै 2005 तर तरुणांनाही आठवतो. नेदरलँड्ससारख्या, सारे आयुष्य बांधांच्या आड काढणाऱ्या देशाने 1993 आणि 1995 च्या पुरांनंतर काही ठिकाणी बांध मागे सरकवून नद्यांना पसरायला जागा परत दिली. आपल्याकडे ती जागा अजून आहे. ती बुजवायला एकरी भाव ठरतो आहे.

मुलगा शिकलेला. त्याने वडिलांच्या बोलण्याला फाटा दिला नाही, कागदपत्रे काढली. आणि येथे या हकिकतीतला सर्वांत विचित्र भाग सुरू होतो.

पाणथळ जागांच्या रक्षणासाठी 1971 मध्ये इराणमधील रामसर येथे आंतरराष्ट्रीय करार झाला. महाराष्ट्रातील नांदूर मध्यमेश्वर, लोणार आणि ठाणे खाडी ही स्थळे त्या यादीत आहेत. देशात 2017 चे पाणथळ जागांचे नियम लागू आहेत. परंतु त्या नियमांतील व्याख्येतून भातखाचरे आणि मिठागरे वगळलेली आहेत. सात-बारावर भातजमीन म्हणून नोंद असलेली खार जमीन कायद्याच्या दृष्टीने पाणथळ ठरतच नाही. किनारपट्टी नियमन क्षेत्राची अधिसूचना पहिल्यांदा 19 फेब्रुवारी 1991 रोजी निघाली. पुढच्या नियमांत भरतीची रेषा जुन्या बांधापाशी थांबवण्याची तरतूद झाली, त्यामुळे 1991 पूर्वीच्या बाहेरकाठ्याच्या आतली खाचरे त्याही कक्षेबाहेर पडतात. कांदळवनाला संरक्षण आहे. मुंबई उच्च न्यायालयाने 17 सप्टेंबर 2018 रोजी ते राज्यभर, खासगी जमिनीवरही, ठामपणे लागू केले आणि भोवतालच्या पन्नास मीटर पट्ट्यालाही संरक्षण दिले. म्हणजे तिवर उगवले तर जागा वाचते. पण ज्याची शेती तिवराने खाल्ली त्या शेतकऱ्याला ते हात लावता येत नाही आणि त्याचे भातही परत मिळत नाही. तिवर उगवण्यापूर्वी भराव पडला, तर विचारणारे कोणी नाही. शहाणे गिऱ्हाईक अशा वेळी घाई करते, यात नवल काय?

गोव्यात अगदी अशीच जमीन आहे. तेथे तिला खाजन म्हणतात, उघाडीला मानस म्हणतात, आणि बांधांची राखण शतकानुशतके गावकरी संस्थांनी केली. 2011 च्या किनारपट्टी अधिसूचनेत गोव्याच्या खाजनांचा नाव घेऊन उल्लेख आहे: त्यांचे नकाशे करावेत, त्यांचे रक्षण करावे, त्यांत बांधकामे होऊ देऊ नयेत. लोकांच्या आंदोलनानंतर गोवा सरकारने 2007 मध्ये प्रादेशिक आराखडाच मागे घेतला, आणि त्यानंतर आलेल्या 2021 च्या आराखड्यात खाजने पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रात दाखवण्यात आली. म्हणून तेथे सारे आलबेल आहे असे नव्हे. बांध तेथेही फुटतात. परंतु तेथे जमिनीला नाव आहे. पेणच्या खाराला तसे नाव नाही. ती तलाठ्याकडे भातजमीन, विकासकाकडे स्वस्त जमीन आणि नकाशावर ज्या रंगाने रंगवतील ती जमीन.

म्हणून सारा भार नकाशावर येतो. मुंबई महानगर प्रदेशाच्या 2016 ते 2036 या काळाच्या प्रादेशिक योजनेला 2021 मध्ये मंजुरी मिळाली. त्या प्रदेशात पेण आणि अलिबाग तालुक्यांचे भाग येतात. ऑक्टोबर 2024 मध्ये उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतील 124 गावांसाठी नवे नगर वसवण्याचे अधिकार महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाला देण्यात आले. यातून आता तपशीलवार आराखडे होतील. 1966 च्या प्रादेशिक व नगररचना कायद्याप्रमाणे आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध करावा लागतो, मुदतीत हरकती व सूचना मागवाव्या लागतात, सुनावणी द्यावी लागते. कोणते शेत पाण्याचे आहे, कोणत्या उघाडीतून किती गावांचे पाणी जाते, हे लिहून देण्याची वेळ ती. एकदा रंग भरला गेला की पुढची वीस वर्षे त्यावर भाव ठरतात. लोकांना विचारले तर लोक उत्तर देतात, याचा दाखलाही याच तालुक्यात आहे: महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठी जमिनी घेण्याच्या प्रश्नावर 21 सप्टेंबर 2008 रोजी हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील 22 गावांच्या शेतकऱ्यांचे मत घेण्यात आले होते. अखेर ते भूसंपादन पुरे झाले नाही.

हे सारे वाचून झाल्यावर मुलगा म्हणाला, “म्हणजे कायद्यानं आपल्याला अडचण नाही.”

“कायद्यानं नाही,” शेठ म्हणाले. “भरावाचा मुरूम कुठून आणणार?”

मुलगा गप्प राहिला. मुरूम डोंगर फोडूनच येणार होता, आणि कर्मादानांच्या यादीत पाचवे नाव जमीन फोडण्याचेच आहे.

घरात वाद झाला नाही असे नाही. भागीदार नाराज झाले. आपण सोडली तर दुसरा घेईल, मग आपणच का नुकसान सोसायचे, असा त्यांचा रोखठोक प्रश्न होता, आणि तो वेडगळ नव्हता. सुनेने एक वेगळीच गोष्ट काढली. वाणिज्यग्रामच्या आनंद श्रावकाने पाचशे नांगरांएवढी जमीन ठेवून त्यापुढे न जाण्याचे व्रत घेतले होते. पाचशे नांगर म्हणजे काही थोडीथोडकी जमीन नव्हे. तो श्रीमंतच राहिला. परंतु त्याने आकडा उच्चारला. आपल्या घरात सोन्याची, कपड्यांची, हिरव्या भाज्यांची मर्यादा घेणारे पुष्कळ आहेत; क्षेत्र-वास्तूची मर्यादा मात्र कोणी आकड्यात सांगत नाही, असे ती म्हणाली. त्यावर मुलाने, “तू माझ्या बाजूने आहेस की पप्पांच्या?” असे विचारले, आणि सगळेच हसले. गोदामासाठी महामार्गाच्या वरच्या अंगाला चढावरची वरकस जमीन पाहायची, ती महाग पडेल म्हणून गोदाम निम्मे करायचे, असे चार दिवसांनी ठरले. इसार सोडून दिला गेला.

हकिकत एवढ्यावर संपली असती तर ती सांगण्यात फारसा अर्थ नव्हता. तो वडीलधारा शेतकरी आठवड्याने पेढीवर आला. गादीवर न बसता उंबऱ्याजवळच टेकला. त्याला राग आलेला होता.

“शेट, तुमी पुन्य केलं,” तो म्हणाला. “माज्या बायकोचं ऑपरेशन कोन करनार? सात वरसं त्या जमिनीत दाना नाय. तुमी घ्यायची नाय म्हंता, सरकार बांध बांधीत नाय, तिवर तोडाला बंदी. मंग आमी ती ठेवायची कनाला?”

शेठजवळ याचे उत्तर नव्हते. जीवदयेच्या नावाने घेतलेला निर्णय त्यांच्या घराला एका गोदामाच्या निम्म्या जागेइतका महाग पडला होता; समोरच्या माणसाला तो सगळ्या जमिनीइतका पडत होता. पांजरापोळ काढणाऱ्या समाजाला हे नवे वाटू नये. जनावर कसायाकडे जाऊ देऊ नका असे सांगणाऱ्याने त्याचा चारा-पाणीही पाहावे लागते, हे आपल्या पूर्वजांनी जाणले होते. जमिनीच्या बाबतीत तसा पांजरापोळ कोणी काढलेला नाही.

त्या दिवशी एवढेच झाले, की ऑपरेशनसाठी पेढीने रक्कम दिली, आणि ती उचल नसून परत मागितली जाणार नाही, हे मुलाने चिठ्ठीवर लिहून दिले. पुढे भाद्रपदात, पर्युषण संपल्यावर, मुलगा आणि तो शेतकरी मिळून गावात फिरले. सर्व्हे नंबरांप्रमाणे कोणत्या खाचरात तिवर आले आहे, कोणते अजून भाताला परतवता येईल, कोणत्या उघाड्या मोडल्या आहेत, खांड किती हात रुंद आहे, याची एक यादी झाली. मुलाने ती चौकोन आखून नीट लिहून काढली. व्यापाऱ्याच्या हाताला तेवढे येतेच. यादीत कोठे ‘पडीक’ हा शब्द घालायचा नाही, यावर शेतकऱ्याचा कटाक्ष होता. ग्रामसभेत ती वाचली गेली. दोन मागण्या ठरल्या: जेथे भात परत येऊ शकते तेथला बाहेरकाठा आणि उघाड्या आधी दुरुस्त व्हाव्यात, आणि नवा आराखडा होईल तेव्हा तिवर आलेल्या खाचरांसह सगळा खार पूर धरणारी जमीन म्हणून दाखवावा, त्यावर भराव नको, आणि ज्यांची शेती तिवराखाली गेली त्यांना त्याचा मोबदला मिळावा. सभेत सगळे एकमताचे नव्हते. ज्यांची जमीन रस्त्याच्या जवळ, त्यांना विक्रीची वाट बंद व्हायला नको होती, आणि त्यांनी ते स्पष्ट सांगितले. ठराव झाला, पण थोड्या मतांनी.

अर्ज संबंधित कार्यालयांत दाखल झाले आहेत आणि आवक क्रमांकाच्या चिठ्ठ्या पेढीच्या लोखंडी पेटीत आहेत. उत्तर अद्याप आलेले नाही. दिवाळीत चोपडापूजनाला नव्या वहीत खारबांध हे खाते मुलाने आपण होऊन उघडले. त्याखाली अजून एकच रक्कम आहे, दोन मोडक्या उघाड्यांच्या फळ्यांची.

कार्तिकात त्या बारा एकरांना पाहायला मुंबईहून दुसरे गिऱ्हाईक येऊन गेले. भाव आधीपेक्षा बराच वाढवून दिला होता. शेतकऱ्याने ते पेढीवर येऊन सांगितले. शेठनी काही सल्ला दिला नाही, आणि त्याने तो मागितलाही नाही. चहा झाला. उठताना तो म्हणाला, “येक पावसाला थांबतो, शेट. म्होरचं म्होरं बघू.”